एका माइकभोवती

२०२५ च्या एप्रिलमध्ये रियॅनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन या दोघांचा एक अल्बम आला, 'व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टु द क्रो'. तिचा बँजो, त्याचं फिडल आणि मधूनच गळा, एवढाच सरंजाम. रचना अठरा. हेडफोन लावून ऐकायला बसलं की वाद्यांच्या मागे पक्षी ऐकू येतात आणि काही ठिकाणी एक अखंड करकरही जाणवते. ही करकर सिकाडांची. आयुष्याची बहुतेक वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांचा रस पिऊन काढणारे हे किडे ठरलेल्या वर्षी प्रचंड संख्येनं वर येतात, झाडांवर बसून काही आठवडे ओरडतात आणि मरतात. अमेरिकेत त्यांच्या १३ वर्षांनी आणि १७ वर्षांनी उगवणाऱ्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. २०२४ मध्ये अशा दोन मोठ्या पिढ्या एकाच वेळी बाहेर पडल्या. त्या दोघींचा असा योग त्याआधी १८०३ मध्ये आला होता.

एरवी ध्वनिमुद्रण करणारा माणूस असे आवाज थांबायची वाट बघतो किंवा नंतर गाळून टाकतो. इथे ते मुद्दाम ठेवले आहेत, कारण या अल्बममध्ये जागेला महत्त्व आहे. उत्तर कॅरोलिना राज्यात तीन ठिकाणी उघड्यावर माइक लावून हे वादन झालं: जो थॉम्पसन या फिडलवादकाच्या घरी, एटा बेकर या गिटारवादक बाईंच्या घरी आणि मिल प्रॉंग हाउस या जुन्या मळ्यावर, जिथे एकेकाळी गुलाम राबत होते. थॉम्पसन २०१२ मध्ये गेले, बेकर २००६ मध्ये. दोघंही कृष्णवर्णीय, आणि आपल्या भागातली वादनाची रीत घरातल्या घरात शिकून टिकवलेले.

गिडन्स आणि रॉबिन्सन हे थॉम्पसन यांचे शिष्य. २००५ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या बून गावी काळ्या बँजोवादकांचा एक मेळावा भरला होता. तिथे डॉम फ्लेमन्स या तिसऱ्या तरुणाशी ओळख झाली आणि मग हे तिघं मेबेन गावाजवळ राहणाऱ्या थॉम्पसन यांच्याकडे नियमानं जाऊन बसू लागले. म्हातारबोवा तेव्हा ८५ च्या पुढे होते. नोटेशन नाही, धडे नाहीत. ते वाजवायचे, मुलांनी बरोबर वाजवायचं, पुन्हा वाजवायचं. त्यातून 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्यांच्या २०१० च्या 'जेन्युइन निग्रो जिग' या अल्बमला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गिडन्सनं ऑपेरा लिहिला, आणि २०२४ मध्ये बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्ड एम' या जगभर गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला जो बँजो वाजतो तो तिचाच. एवढं सगळं करून ती आणि रॉबिन्सन पुन्हा गुरूच्या अंगणात येऊन बसले, आणि अंगणात जे जे वाजत होतं ते सगळं टेपवर येऊ दिलं.

हे प्रकरण अमेरिकेतल्या ब्लूग्रास आणि त्याच्या आसपासच्या बिनविजेच्या संगीताच्या नव्या ध्वनिमुद्रणांबद्दल आहे. सुरुवात या अल्बमनं करण्याचं कारण असं की, ध्वनिमुद्रण या संगीतात नुसता साठवणीचा मामला कधीच नव्हता. कुणाला आठवणीत ठेवायचं, हे त्यानं ठरवलं.

बँजोचंच बघा. (आपल्याकडे मिरवणुकीत 'बेंजो' म्हणून जे बटणांचं वाद्य वाजतं ते म्हणजे बुलबुल तरंग. हा बँजो वेगळा: चामडं ताणलेल्या गोल खोक्याला लांब मान आणि पाच तारा.) त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे वाद्य पाहिलं तर नातं लगेच दिसतं. भोपळ्याचं खोकं, वर कातडं, आणि अंगठ्यानं छेडायची एक आखूड तार. अमेरिकी बँजोची पाचवी तारही आखूडच असते. ती मानेच्या मध्यावर कुठेतरी सुरू होते आणि उंच सुरात सतत घुमत राहते. सतारीची चिकारी ऐकलेल्या कानाला तिचं काम सांगावं लागत नाही. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी हे वाद्य अमेरिकेत घडवलं. एकोणिसाव्या शतकात चेहऱ्याला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्यांच्या तमाशांनी ते रंगमंचावर नेलं. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या दक्षिणेत पोचल्या तेव्हा त्यांनी माल विकण्यासाठी दोन याद्या केल्या: काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस' आणि गोऱ्या डोंगरी गिऱ्हाइकांसाठी 'हिलबिली'. ब्लूज पहिल्या यादीत गेला, फिडल आणि बँजो दुसऱ्या. फिडल-बँजो वाजवणारे काळे वादक गावोगाव होते, पण ते कोणत्याच यादीत नीट बसेनात, म्हणून त्यांची ध्वनिमुद्रणं फार थोडी झाली. दोन पिढ्यांनंतर लोकांनी जुन्या तबकड्या काढून ऐकल्या आणि निष्कर्ष काढला की बँजो हे गोऱ्या डोंगरकऱ्यांचं वाद्य आहे. पुरावा समोरच होता ना!

या अन्यायाचं एक ठळक उदाहरण म्हणजे आर्नल्ड शुल्ट्झ. केंटकी राज्यातला हा काळा गिटार आणि फिडलवादक कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात राहायचा आणि नाचांच्या कार्यक्रमांत वाजवायचा. रोझीन गावचा एक पोरगा त्याच्या साथीला बसत असे. त्या पोराचं नाव बिल मन्रो. पुढे ज्याला 'ब्लूग्रासचा जनक' म्हटलं गेलं तो हाच. मन्रोनं शुल्ट्झचं ऋण आयुष्यभर मान्य केलं, पण शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला आणि त्याच्या वादनाची एकही तबकडी नाही. जनकाच्या गुरूचा आवाज कसा होता, हे आज कुणालाही ऐकता येत नाही.

मन्रोचा स्वतःचा आवाज मात्र भरपूर उपलब्ध आहे. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. 'ब्लू ग्रास बॉइज' या त्याच्या वाद्यवृंदाचं नाव त्याच्या राज्यावरून, केंटकीच्या टोपणनावावरून आलं आणि नंतर साऱ्या प्रकारालाच चिकटलं. सप्टेंबर १९४६ मध्ये या मंडळींनी शिकागोत कोलंबिया कंपनीसाठी काही गाणी मुद्रित केली. मेंडोलिनवर मन्रो, गिटारवर लेस्टर फ्लॅट, बँजोवर अर्ल स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइज, उभ्या बासवर हॉवर्ड वॉट्स. आज ब्लूग्रास म्हणून जे ऐकू येतं त्याचा साचा त्या सत्रांत पडला. गंमत म्हणजे ही पाच माणसं फार काळ एकत्र नव्हती. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी आपलं वेगळं बिऱ्हाड थाटलं.

या साच्यात दोन गोष्टी बारकाईनं ऐकण्यासारख्या आहेत. पहिली मेंडोलिनची. आपल्याला मेंडोलिन माहीत आहे ते हिंदी चित्रपटांतून, थरथरत्या लांब सुरांसाठी. मन्रोनं त्याला तालवाद्याचं काम दिलं. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची, उजव्या हातानं सपकन फटका मारायचा आणि त्याच क्षणी डावी बोटं सैल सोडायची. तार घुमायच्या आतच मिटते आणि उरतो फक्त एक कोरडा 'चक्'. हा 'चॉप' दर ठोक्याच्या मधल्या जागी पडतो. बास ठोका धरतो, मेंडोलिन मधली जागा भरतं, आणि ढोलाची गरजच उरत नाही. दुसरी गोष्ट स्क्रग्जच्या बँजोची. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांत नख्या घालून तो वाजवायचा. तीन बोटं एकामागून एक फिरत राहिली तर तीन-तीनचे गट होतात, पण चाल आठ मात्रांची. म्हणून तीन, तीन आणि दोन असा हिशेब बसतो. ठोका जागच्या जागी राहतो आणि वजन मात्र सारखं सरकत राहतं. स्क्रग्जच्या बँजोतली ती धावती झळाळी या हिशेबातून येते.

आता माइक. त्या काळी रेडिओवर आणि रंगमंचावर बहुधा एकच माइक असे. सगळे त्याच्याभोवती अर्धवर्तुळात उभे राहायचे. ज्याची पाळी तो पुढे सरकायचा, बाकीचे वाट देत मागे व्हायचे. फिडलचा गज लांब, बासची मान उंच, बँजोची मान आडवी; कुणी कुणाला धडकायचं नाही, आणि पुढे आलेल्यानं शेवटच्या सुराला मागे वळायचं म्हणजे गायक वेळेवर माइकपाशी पोचतो. कुणाचा आवाज किती मोठा, हे पायांनी ठरायचं. आजच्या ज्येष्ठांपैकी डेल मॅक्कुरी यांच्या वाद्यवृंदानं ही रीत नव्वदच्या दशकात पुन्हा रंगमंचावर आणली. हे मॅक्कुरी १९६३ मध्ये मन्रोकडे वाजवत होते, आणि वयाची ८५ ओलांडूनही नवे अल्बम काढत आहेत.

आधुनिक स्टुडिओ याच्या बरोबर उलट चालतो. प्रत्येक वादक वेगळ्या काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन, स्वतंत्र माइक. कुणाचा सूर चुकला तर तेवढाच पुन्हा वाजवून चिकटवता येतो. सगळ्यांना एका खोलीत बसवलं तर बँजोचा आवाज फिडलच्या माइकमध्ये शिरतो आणि फिडलचा गिटारच्या. एकाची चूक दुरुस्त करायची म्हणजे सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं, नाहीतर चूक राहू द्यायची. पण याच शिरकावामुळे ऐकणाऱ्याला खोली ऐकू येते. कोण कुणाच्या जवळ आहे, कोण कुणाकडे बघून थांबलं, हे कळतं. ब्लूग्रासमधली उत्तम नवी ध्वनिमुद्रणं मला ज्या कारणासाठी आवडतात ते हेच: त्यांत एकत्र बसणं ऐकू येतं.

अशा बसण्याचं सर्वांत जिव्हाळ्याचं उदाहरण बिली स्ट्रिंग्जचं. मूळ नाव विल्यम अपोस्टल, जन्म १९९२, मिशिगन राज्यातला. वडील तो दोन वर्षांचा असतानाच गेले. सावत्र वडील टेरी बार्बर हे हौशी पण पक्के ब्लूग्रास वादक. त्यांनी पोराला मांडीवरच्या वयापासून गिटार शिकवली. पुढे घरात अमली पदार्थांचं व्यसन शिरलं, घर विस्कटलं; स्ट्रिंग्ज त्याबद्दल उघडपणे बोलतो आणि त्यावर गाणीही लिहितो. आज तो हजारो श्रोत्यांची मैदानं भरवतो, अर्धा-अर्धा तास एकच रचना फुलवत नेतो, त्याच्या कार्यक्रमांना रॉकच्या मैफलींसारखे दिवे असतात. २०१९ च्या त्याच्या 'होम' या अल्बमला ग्रॅमी मिळालं. २०२४ चा 'हायवे प्रेयर्स' अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बम-विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला; बिनविजेच्या वाद्यांच्या अल्बमच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

पण या सगळ्यात मला मोलाचा वाटतो तो मधला २०२२ चा 'मी/अँड/डॅड'. त्यात स्ट्रिंग्जनं एकही नवं गाणं लिहिलं नाही. लहानपणी बापाकडून शिकलेली जुनी गाणी, बापाला बरोबर बसवून, नॅशव्हिलच्या साउंड एम्पोरियम स्टुडिओत वाजवली. टेरी बार्बर यांच्याकडे एकेकाळी मार्टिन कंपनीची एक चांगली गिटार होती. घरात चणचण होती तेव्हा ती गहाण पडली आणि गेली. या अल्बमच्या निमित्तानं स्ट्रिंग्जनं ती शोधून काढली आणि बापाच्या हातात दिली. अल्बमभर तिचा आवाज आहे. डेल मॅक्कुरींचे मुलगे, रॉनी आणि रॉब, मेंडोलिन आणि बँजोवर आहेत. शेवटच्या गाण्यात स्ट्रिंग्जची आई गाते. तिचा आवाज कमावलेला नाही, किंचित कापतो, आणि तसाच ठेवलाय. २०२५ च्या जूनमध्ये त्या माउलीचं निधन झालं. ज्या संगीतात जनकाच्या गुरूचा एकही सूर उरला नाही, त्याच संगीतात एका पोरानं वेळेत आपल्या आईबापांना माइकपुढे बसवलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. टेरी बार्बर गिटारवर बोटांची करामत दाखवत नाहीत. मुलगा त्यांच्याहून कितीतरी पुढे गेलाय. तरीही त्या अल्बममध्ये मुलगा स्वतःला आवरून वाजवतो, आणि त्याच्या कुठल्याही वेगवान तुकड्यापेक्षा मला ते आवरणं जास्त ऐकावंसं वाटतं.

जागेचीच आणखी एक गोष्ट. २ आणि ३ मार्च २०२० च्या दरम्यानच्या रात्री नॅशव्हिलच्या पूर्व भागातून चक्रीवादळाचा भोवरा गेला. त्यात वुडलँड साउंड स्टुडिओचं छप्पर उडालं. हा स्टुडिओ जिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या गायक-वादक जोडीचा. दोघांचं सगळं काम, वर्षानुवर्षांच्या मूळ टेप्स, वाद्यं आत होती, वीज गेलेली, वरून पाणी गळतंय. अंधारात रात्रभर ओढून त्यांनी ते सगळं वाचवलं. मग स्टुडिओ पुन्हा बांधायला घेतला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथेच केलेला अल्बम काढला. नाव साधं, 'वुडलँड'. त्याला लोकसंगीताच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

वुडलँडचं मोल या जोडीच्याही आधीचं आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातली 'निटी ग्रिटी डर्ट बँड' ही लांब केसांची रॉकवाली पोरं याच स्टुडिओत मदर मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन अशा ज्येष्ठांना घेऊन बसली. मन्रोनं नकार दिला, बाकीचे आले. व्हिएतनामच्या युद्धानं देशात केसांच्या लांबीवरूनही माणसं एकमेकांना तोडत होती, त्या काळातली ही गोष्ट. सगळं एकत्र बसून वाजवलं, थेट टेपवर घेतलं आणि गाण्यांच्या मधलं बोलणंही ठेवलं. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस हे दोन मोठे गिटारवादक तिथे आयुष्यात पहिल्यांदा भेटले, आणि ती भेट तबकडीवर ऐकू येते. 'विल द सर्कल बी अनब्रोकन' या नावानं १९७२ मध्ये आलेल्या त्या तीन तबकड्यांच्या संचानं अनेक तरुणांना या संगीताकडे वळवलं. वेल्च-रॉलिंग्ज यांचं संगीत काटेकोर अर्थानं ब्लूग्रास नव्हे. 'वुडलँड'मध्ये ड्रम आहेत, तंतुवाद्यांचा ताफाही आहे. पण रॉलिंग्जची १९३५ सालची छोटी एपिफोन गिटार आणि दोघांचे एकमेकांना घासून जाणारे गळे ऐकताना त्या इमारतीचा वारसा जाणवतो.

ॲलिसन क्रॉस या गायिकेचा आणि त्यांच्या 'युनियन स्टेशन' या वाद्यवृंदाचा 'अर्केडिया' मार्च २०२५ मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल १४ वर्षांनी. क्रॉसबाईंच्या नावावर २७ ग्रॅमी आहेत आणि त्यांची ध्वनिमुद्रणं वर सांगितलेल्या पद्धतीच्या अगदी दुसऱ्या टोकाची: तासलेली, काचेसारखी स्वच्छ, एक कण इकडचा तिकडे नाही. मला एरवी हा स्वच्छपणा थोडा थंड वाटतो. पण 'अर्केडिया'त रसेल मूर या नव्या सोबत्यानं गायलेलं 'ग्रॅनाइट मिल्स' हे गाणं ऐकावं. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावी सप्टेंबर १८७४ मध्ये कापडगिरणीला आग लागली, वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या मुली आणि पोरंटोरं अडकली, त्याची ही कहाणी. असं गाणं ओरडून गायचा मोह होतो. मूर ते जवळजवळ सपाट आवाजात सांगत जातो आणि मागचं वादनही मान वर काढत नाही. इथे तो थंडपणा बरोबर कामी येतो.

मॉली टटलनं मात्र वाद ओढवून घेतला. कॅलिफोर्नियातली ही मुलगी, वडील संगीतशिक्षक. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा सर्वोत्तम गिटारवादकाचा पुरस्कार तिला मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री. बँजोवर बोटांच्या नखांनी खाली फटकारत वाजवण्याची 'क्लॉहॅमर' नावाची जुनी रीत ती गिटारवर वाजवते, हे तिचं वैशिष्ट्य. 'क्रूकेड ट्री' आणि 'सिटी ऑफ गोल्ड' या लागोपाठच्या दोन अल्बमना ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं. आणि मग २०२५ च्या 'सो लाँग लिटल मिस सनशाइन'मध्ये तिनं ड्रम आणले, पॉपच्या चाली आणल्या, 'आय लव्ह इट' हे नाचाच्या क्लबांतलं गाजलेलं गाणं संथ करून गायलं. लहानपणापासून तिला केस गळण्याचा आजार आहे. मुखपृष्ठावर वेगवेगळ्या टोपांतले तिचेच चेहरे आहेत आणि एक चेहरा टोपाविना.

पुष्कळ जुन्या श्रोत्यांना ही फारकत वाटते. मला त्यांचं दुःख समजतं, पण पटत नाही. मन्रोच्याच वाद्यवृंदात १९४५ मध्ये ॲकॉर्डियन होतं. त्याचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे संथ वॉल्ट्झच्या चालीतलं गाणं १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीनं धावत्या लयीत म्हटलं, तेव्हा मन्रो रागावून बसला नाही. त्याच वर्षी त्यानं स्वतः ते पुन्हा मुद्रित केलं: सुरुवात आपल्या जुन्या चालीत, पुढे पोराच्या लयीत. टटलच्या नव्या अल्बममध्येही सर्वांत जास्त जीव आहे तो तिच्या गिटारमध्येच, आणि जिथे मागची निर्मिती ती गिटार झाकते तिथे अल्बम ढिला पडतो. आक्षेप घ्यायचाच तर त्यावर घ्यावा, ड्रमवर नव्हे.

तालाचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे वळायला हवं. बेला फ्लेक हा न्यू यॉर्कचा बँजोवादक. स्क्रग्जचा बँजो ऐकून वेडा झालेला, आणि मग तो बँजो जॅझमध्ये, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात, आफ्रिकेतल्या मूळ वाद्यांच्या भेटीला असा सगळीकडे घेऊन गेलेला. एडगर मायर हा गजानं बास वाजवणारा टेनेसीचा माणूस. या दोघांनी उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबर २००९ मध्ये 'द मेलडी ऑफ ऱ्हिदम' केला आणि पुढे राकेश चौरसियांची बासरी जोडून २०२३ मध्ये 'ॲज वी स्पीक'. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी या अल्बमला आणि त्यातल्या 'पश्तो' या रचनेला मिळून दोन ग्रॅमी मिळाली. त्याच रात्री 'शक्ती' या वाद्यवृंदाच्या अल्बमचंही पारितोषिक धरून झाकिरभाईंच्या वाट्याला तीन आली. मुंबईच्या माहीमला वाढलेल्या या माणसाचं तबल्यावरचं प्रेम आपल्याला नव्यानं सांगायला नको. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं, त्यामुळे हे वादन आता वेगळ्याच कानानं ऐकलं जातं.

पूर्व-पश्चिम मिलाफाच्या पुष्कळ तबकड्यांमध्ये दोन पक्ष एकमेकांना नमस्कार करत राहतात, हा माझा अनुभव. इथे तसं होत नाही, त्याचं कारण मला त्या तीन-तीन-दोनमध्ये सापडतं. बँजोचा आठ मात्रांतला हा सरकता हिशेब तबलजीला परका नाही. ठेका जागेवर ठेवून आतलं वजन हलवत राहणं हे त्याचं रोजचं काम. ब्लूग्रासला ढोल नको असतो, कारण ढोल चॉपची जागा खातो. झाकिरभाई मात्र बायाचा घुमारा बासच्या खाली ठेवतात आणि चाट-किनारीचे बोल चॉपच्या नेमक्या जागी सोडतात. फ्लेकच्या बँजोला एरवी न मिळणारी एक सोय यातून मिळते: त्याला गप्प बसता येतं. बँजोचा सूर लगेच विझतो म्हणून बँजोवाला सतत वाजवत राहतो; इथे बासरी आणि गज लांब सूर धरून ठेवतात आणि बँजो दोनच स्वर टाकून थांबतो. स्क्रग्जनंतर बँजोनं शिकलेली ही महत्त्वाची गोष्ट आहे, असं मी म्हणेन.

या सगळ्याचा खर्च कोण करतं, हेही बघण्यासारखं आहे. 'राउंडर' ही या संगीताची एकेकाळची आधारवड कंपनी १९७० मध्ये तीन तरुणांनी मॅसॅच्युसेट्समध्ये काढली आणि २०१० मध्ये मोठ्या कंपनीला विकली. पुढे त्याच तिघांनी 'डाउन द रोड' ही नवी कंपनी काढली. 'अर्केडिया' तिच्यामार्फत आला. टेनेसीतल्या बर्ड्सटाउनची सिएरा हल १३ व्या वर्षी राउंडरकडे गेली होती. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा सर्वोत्तम मेंडोलिनवादकाचा पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री तीच, २०१६ मध्ये. मार्च २०२५ मधला 'अ टिप टो हाय वायर' हा अल्बम तिनं कुठल्याही कंपनीविना स्वतःच काढला. तिचं मेंडोलिन चॉप करतं, पण तो मन्रोच्या चॉपपेक्षा मऊ. फटक्यानंतर तार किंचित घुमू देते ती. बिनघाईनं, स्वतःच्या पैशानं काम केल्याचा निवांतपणा त्यात आहे.

प्रवाहित संगीताच्या जमान्यात अल्बम विकून पोट भरणं अवघड, म्हणून कमाई मंचावरून होते, आणि त्यामुळे मंचावरची ध्वनिमुद्रणंच पुन्हा महत्त्वाची झाली आहेत. बिली स्ट्रिंग्जच्या कार्यक्रमांची मुद्रणं श्रोत्यांना विकत मिळतात. चाहते एकाच गाण्याची दोन रात्रींची रूपं शेजारी ठेवून ऐकतात: कालची बढत कुठे वळली, आज बँजोवाल्यानं कुठे अडवलं. २०२४ मध्ये त्यानं अशा मुद्रणांतून निवडून 'लाइव्ह, व्हॉल्यूम १' काढला. स्टुडिओत घासूनपुसून केलेले बाकीचे अल्बम समोर असताना फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्लूग्रासचं ग्रॅमी गेलं ते या अल्बमला, टाळ्या, शिट्ट्या आणि मैदानाच्या गजरासकट.